दोन बोटांची चेन

एक गोष्ट आधीच सांगतो. मी कुणाचं चटकन कौतुक करणारा माणूस नाही. सातपूरच्या एमआयडीसीत चौतीस वर्षं मी क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. दुसऱ्यानं केलेल्या कामातली खोट शोधायची आणि त्याचा पगार घ्यायचा, हाच माझा धंदा. रिटायर झालो तरी खोड गेली नाही. बायको म्हणते, "आमटीत मीठ कमी पडलं तर तुम्ही सांगत नाही, रिपोर्ट देता." देतो, काय करू! तर असा हा मी, चिमाजी, पेठ रोडवरच्या एका सायकल दुरुस्त करणाऱ्या बाईपुढे मान खाली घालून बसलो आणि मनातल्या मनात त्यांना साष्टांग नमस्कार घातला. त्या भागीबाईंची ही हकिकत.

पेठ नाक्याच्या जरा पुढे त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. आठ बाय दहाचं, त्याला बोर्डही नाही. भागीबाई पन्नाशीच्या. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, बाह्या कोपरापर्यंत वळवलेल्या, नखांत काळं ग्रीस. नवरा हिरामण एका सोसायटीत वॉचमन आहे. डॉक्टरांनी शुगरसाठी सायकल चालवा म्हणून सांगितलं, तेव्हा मी जुनी सायकल माळ्यावरून काढली, आणि तिची चेन पहिल्याच दिवशी खटखट करायला लागली म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्याआधी कॉलेज रोडच्या एका चकाचक दुकानात विचारलं होतं. तिथला टाय लावलेला पोरगा म्हणाला, सगळंच बदलावं लागेल अंकल. अंकल! मी तसाच परत फिरलो.

भागीबाईंनी माझी चेन काढली, रॉकेलमध्ये बुडवून पुसली आणि दाराच्या चौकटीला वर ठोकलेल्या एका खिळ्याला टांगली. चौकटीवर खाली, कोऱ्या चेनची शंभरावी कडी येते तिथं, लाल ऑइलपेंटची एक रेघ होती. शंभर कड्या मोजून, शंभरावी कडी त्या रेघेच्या किती खाली येते ते त्यांनी बघितलं. मग तिथं आपलं बोट आडवं लावलं.

"एक बोट," त्या म्हणाल्या. "साहेब, तुमची चेन एक बोट लांबलीय. मागची चक्री बी तेवढीच खाल्लीय. दोघी बरोबर झिजल्यात, बरोबरच चालतील. खटखट येतीय ती एक कडी आखडल्यामुळं."

आखडलेली कडी त्यांनी बोटांनी इकडून तिकडे वाकवली, दोन थेंब तेल सोडलं. झालं काम! वीस रुपये.

आता हे ऐकून माझ्यातला इन्स्पेक्टर गप्प बसेल? दुसऱ्या दिवशी मी व्हर्निअर घेऊनच गेलो. हे दाढीच्या ब्रशाएवढं माप, मिलिमीटरचा पन्नासावा भाग दाखवतं. सायकलची चेन लांबते म्हणजे लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन केसभर झिजते आणि शंभर केस मिळून बोटभर होतात. त्या लांबलेल्या चेनखाली चक्रीचे, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या दातेरी चाकाचे, दातेही त्याच मापानं झिजत जातात. म्हणून झिजलेली चेन झिजलेल्या दात्यांवर सुखानं बसते आणि कोरी करकरीत चेन त्याच दात्यांवरून उड्या मारते. हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. मी मोजलं. भागीबाईंचं एक बोट म्हणजे तेरा मिलिमीटर, आमच्या हिशेबात शंभर कड्यांच्या लांबीचा बरोबर एक टक्का. दुसरी चेन मोजली. त्या म्हणाल्या होत्या दीड बोट, भरले साडेएकोणीस. मी तिसरी मोजली, चौथी मोजली. एकातही ती बाई चुकेना! मी व्हर्निअर खिशात घातला आणि तिथल्या लाकडी खोक्यावर बसलो. तेव्हापासून रोज सकाळी दोन तास बसतो.

काय नव्हतं त्या दुकानात! तिन्ही भिंतींवर खिळे, आणि खिळ्याखिळ्याला जोड्या. एक झिजकी चेन आणि तिच्याबरोबर झिजलेली मागची चक्री, साडीच्या चिंधीनं एकत्र बांधलेली. कुणी सायकल भंगारात काढली की भागीबाई हे दोन्ही मागून घ्यायच्या. चिंधीला गाठी असायच्या. एक गाठ म्हणजे एक बोट, दोन गाठी म्हणजे दोन बोटं. लिहिण्याशी त्यांचं फारसं जमत नाही, पण त्या गाठी म्हणजे त्यांचं दप्तरच. एखाद्या दूधवाल्याची चक्री गेली की नवीन सामान सहाशे-सातशेला पडतं. भागीबाई त्याला दीड गाठीची जोडी काढून देणार आणि तो आणखी दोन वर्षं त्यावर दूध घालणार. रविवारी गिअरच्या सायकली घेऊन फिरायला जाणारी शहरातली मंडळी असतात ना, चट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालणारी, तीसुद्धा हळूहळू इकडे यायला लागली. त्यांना बाईंनी एक युक्ती शिकवली. तीन चेन घ्या आणि दर महिन्याला फिरवून लावा, म्हणजे तिघी आणि मागच्या चक्र्या एकत्र म्हाताऱ्या होतात. त्यातला महेश नावाचा कॉम्प्युटरवाला मला म्हणाला, काका, परदेशात लोक यावर लेख लिहितात. लिहू देत. आमच्या पेठ रोडला लेख वाचायला कुणाला वेळ आहे?

हे सगळं त्या कुठं शिकल्या? तर कुठेच नाही. पेठकडच्या एका पाड्यावरची ही बाई लग्नानंतर हिरामणबरोबर नाशकात बांधकामावर आली. कामावर जायच्या सायकलची चेन तुटली. त्या वेळी या जागेवर मोतीराम मिस्तरी बसायचे. त्यांनी नव्या चेनचे पैसे सांगितले, ते हिच्याकडे नव्हते. तर ही पोरसवदा बाई त्यांच्या भंगाराच्या ढिगापाशी उकिडवी बसली आणि एकेक जुनी चेन उचलून आपल्या चक्रीवर बसवून बघायला लागली. सातवी की आठवी बसली. मोतीराम बघतच राहिले. पैसे घेतले नाहीत, एवढंच म्हणाले, "उद्यापासून विटा उचलायला जाऊ नको, इथं ये." पुढे मोतीराम गेले आणि दुकान भागीबाईंकडे आलं. हे मला हिरामणनं सांगितलं. भागीबाई स्वतःबद्दल बोलतील तर शपथ.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आठ दिवस आधी भागीबाईंच्या माहेरच्या पाड्यावरचा मंगळू आपल्या मुलीला, तृप्तीला, घेऊन दुकानात आला. तृप्ती बारावीला. आठवीत तिला शाळेतून सरकारी योजनेची सायकल मिळाली होती, तीच अजून चालवत होती. पाडा खाली खोऱ्यात, शाळा खिंडीच्या पलीकडे आठ किलोमीटरवर. रोज सकाळी पेडलवर उभं राहून खिंड चढायची. पाच वर्षांत चक्र्या पुढून-मागून खाऊन गेल्या होत्या आणि चेनचे तर तुकडे झाले होते.

मंगळूनं सरळ सांगितलं, "भागीताई, दसऱ्यानंतरच्या सोमवारी टेंपो येतोय. आम्ही दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीला चाललो. सायकल चालली तर पोरगी आजीपाशी राहील, शाळेला जाईल. नाय चालली तर आमच्यासंगं टेंपोत. रोज चालत जायाचं अन् अंधारात खिंड उतरायची, तसं मी नाय ठेवणार तिला."

माणूस वाईट नव्हता. त्याचंही बरोबरच होतं. छाटणीला गेलेली पोरगी जानेवारीपर्यंत परत येत नाही आणि जानेवारीत परत आलेली पोरगी बारावीला बसत नाही, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. तृप्ती सायकलचा हँडल धरून उभी होती.

भागीबाईंनी चक्र्यांवरून अंगठा फिरवला आणि सायकल दुकानातच ठेवून घेतली. मग तीन-चार दिवस शोधून एक चेन काढली, चौकटीला टांगून बघितली आणि चिंधीत गुंडाळून तृप्तीच्या सायकलच्या हँडलला बांधून ठेवली. चिंधीला दोन गाठी. दसरा माहेरी करून रविवारी सकाळी येते आणि लावते, असं ठरलं. जाताना दुकानाची किल्ली माझ्याकडे दिली. "साहेब, दुकानाला झेंडूचा हार तेवढा घाला. बाकी कशाला हात लावू नका." असं त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या. खोटं कशाला बोलू?

पण खंडेनवमीला कंपनीतला माणूस हात बांधून बसतो होय? चौतीस वर्षं त्या दिवशी आम्ही मशिनं धुतली, पुसली, हत्यारं ओळीनं मांडली, हळदकुंकू लावलं. कंपनीत तर नंतर जपानी पद्धतच आली होती. सारख्याला सारखं लावायचं, नको ते लाल चिठ्ठी लावून बाहेर काढायचं. शुक्रवारी मी हार घेऊन दुकान उघडलं, त्या भिंतींकडे बघितलं आणि माझे हात शिवशिवायला लागले. म्हटलं, बाई एवढी हुशार, पण मांडणी म्हणून काही नाही. आपण हिला एक भेट देऊ.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! मी सगळ्या चिंध्या सोडल्या. सगळ्या चेन एकीकडे, सगळ्या चक्र्या एकीकडे. रॉकेलमध्ये धुतल्या, चकचकीत केल्या. चक्र्या दात्यांच्या संख्येप्रमाणे रचल्या. मग व्हर्निअर काढला. दीड टक्क्याच्या वर गेलेल्या नऊ चेन निघाल्या. आमच्या भाषेत हा साफ रिजेक्ट माल. तृप्तीच्या हँडलला बांधलेली चेन बघितली तर तीही तसलीच, पार दोन टक्के! मला राग आला हो, खरंच राग आला. म्हटलं, पोरगी खिंड चढते आणि हिला हे भंगार? रस्त्यावरून धनराज भंगारवाल्याची गाडी चालली होती. दहाही चेन त्याच्या गाडीत टाकल्या. मग बाजारातून स्वतःच्या पैशानं कोरी चेन आणली, तृप्तीच्या सायकलला चढवली, हँडलला झेंडू लावला आणि सगळ्या मालापुढे उदबत्ती लावून घरी आलो. जेवताना बायकोला म्हटलं, आज चांगलं काम केलं. ती माझ्याकडे संशयानं बघायला लागली. तिला माझी चांगली कामं माहीत आहेत.

शनिवारी दसऱ्याला मी दुकानाशी उभा होतो, तर तृप्तीच आली. रविवारपर्यंत तिला धीर धरवेना. "सोनं घ्या काका," म्हणून आपट्याची पानं माझ्या हातात दिली. मी ऐटीत सायकल पुढे केली. नवी चेन बघून पोरीचं तोंड असं उजळलं की मला माझाच अभिमान वाटला. ती गेली. दीड तासानं परत आली ती पायी, सायकल ढकलत, गुडघ्यातून रक्त.

गावाबाहेरच्या पहिल्याच चढाला ती पेडलवर उभी राहिली, आणि चेन दात्यांवरून सटकली. पाय घसरला, पोरगी सायकलच्या नळीवर आपटली आणि डांबरावर पडली. तिच्या मागून ट्रक येत नव्हता एवढंच नशीब. मी, चौतीस वर्षांचा इन्स्पेक्टर, झिजलेल्या दात्यांवर कोरी चेन चढवून बसलो होतो! जे पुस्तकातून ठाऊक होतं, जे रोज दोन तास डोळ्यांनी बघत होतो, तेच विसरलो. कारण नव्याचा झगमगाट बघितला की आमच्या जातीच्या माणसाची अक्कल गहाण पडते.

तृप्ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "काका, सोमवारी सातला टेंपो हाय."

तिला बायकोच्या हवाली करून मी धावलो. म्हटलं, मागची-पुढची चक्री आणि चेन, तिन्ही नवं घालू. मागची मिळाली. पुढची त्या मापाची कुठेच नाही. दसऱ्याचा दिवस, दुकानदार हार घातलेल्या नव्या सायकली विकण्यात दंग. म्हणाले, मंगळवारी माल येईल. मग धनराजच्या गोडाऊनला गेलो. तो म्हणाला, "काका, कालची गाडी रात्रीच जालन्याला गेली. त्याची आता सळई झाली असेल." त्या रात्री तृप्ती आमच्याकडेच राहिली.

रविवारी सकाळी आठला भागीबाई आपल्या सायकलवरून आल्या. मी आणि तृप्ती दुकानासमोर उभे. त्यांनी तृप्तीच्या गुडघ्याची पट्टी बघितली. आत डोकावून माझी मांडणी बघितली. रिकाम्या भिंती, एका बाजूला चकचकीत चेनचा ढीग, एका बाजूला चक्र्यांची उतरंड. मग त्या माझ्याकडे वळल्या. मी शिव्या खायला तयार होतो.

"हार छान घातलाय साहेब," त्या म्हणाल्या.

याच्यापेक्षा चार कानाखाली दिल्या असत्या तर बरं झालं असतं! मी तिथंच सगळं सांगून टाकलं. नऊ चेन, दहावी चेन, जालना, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

"दोन बोटांच्या सगळ्या गेल्या?"

"सगळ्या."

"पोरीच्या दोन्ही चक्र्या दोन बोटांच्या हायेत. तिला तेवढीच लागायची. बघू. तुमच्या नजरेतून एखादी सुटली असंल." असं म्हणून त्या मांडी घालून बसल्या.

पुढचं मी आयुष्यात विसरणार नाही. त्या एक चेन उचलायच्या, आडवी धरायच्या, ती किती लवते ते बघायच्या, मग डोळे मिटून बोटांतून ओढायच्या. आणि त्या उतरंडीतून एक चक्री उचलून तिच्यावर ठेवायच्या. ती जागेवर बसायची! एकदाही दुसरी चक्री उचलावी लागली नाही. वर हे असं बोलणं: "ही निवृत्ती दूधवाल्याची. उभा राहून मारतो, एका अंगानं घासलीय." "ही चतुराबाईच्या सुनेची. कधी तेल नाय घातलं." "ही शाळेतल्या शिपायाची. तो उताराला बी पाय हलवतो." मी मागे बसून प्रत्येक जोडी व्हर्निअरनं तपासत होतो. चूक सापडावी असं एकदा वाटलं, खरंच वाटलं. जित्याची खोड. दहाव्या जोडीनंतर माप बाजूला ठेवलं. बेचाळीस जोड्या! मी खुणा पुसल्या, चिंध्या सोडल्या, सगळं एकासारखं एक चकचकीत केलं, आणि या बाईच्या बोटांनी बेचाळीस माणसं त्यातून परत ओळखून काढली. अरे देवा, आमच्या कंपनीत एसी खोलीत अडीच लाखांचं मशीन होतं, त्याला हे जमलं नसतं.

पण दोन बोटांची एकही सुटली नव्हती. मी माझं काम चोख केलं होतं. नको तिथं नेहमी चोखच करतो.

दुपारी त्यांनी दीड बोटाची सगळ्यात लांब चेन तृप्तीच्या सायकलला लावून बघितली. शेजारच्या पाटावर चढणारा एक आखूड रस्ता आहे. तृप्ती पेडलवर उभी राहिली आणि दुसऱ्याच फेऱ्याला खट्ट आवाज आला. तिनं तोल सावरला. भागीबाईंनी चेन काढली.

"मी मंगळूशी बोलू का?" मी विचारलं. "मंगळवारपर्यंत थांब म्हणतो. पुढची चक्री आली की..."

"टेंपो कुणासाठी थांबत नाय साहेब," त्या म्हणाल्या. "मला म्हाईत हाय. मी बी बसले होते त्यात. आठवीत होते. म्हणले, दिवाळीपर्यंत जाऊन येऊ. ती शाळा परत काय दिसली नाय."

हे त्यांनी तृप्तीकडे न बघता सांगितलं. मग उठल्या, बाहेर गेल्या आणि भिंतीला टेकवलेली स्वतःची सायकल उलटी केली. म्हसरूळच्या घराहून रोज ज्या सायकलवर येतात, ती. पक्कडीनं कडी सोडवली, चेन ओढून घेतली आणि चौकटीच्या खिळ्याला टांगली. शंभर कड्या मोजल्या. दोन बोटं आणि वर एक दोराभर.

"सतरा वर्षांची झाली," त्या म्हणाल्या. "रोज तेल खाती. रोलर एक बी फुटला नाय."

मी म्हटलं, "अहो, मग तुम्ही?"

"माझी चक्री बी हिच्यासारखीच हाय. दोन बोटांची मिळाली की लावीन. तवर पाय हायेत की."

दोन कड्या काढून त्यांनी ती चेन तृप्तीच्या सायकलला बसवली. पेडल हातानं उलटसुलट फिरवलं आणि कान लावला. तृप्ती पाटाच्या रस्त्याला गेली. खालून जोर घेतला, पेडलवर उभी राहिली, आणि वर! परत खाली आली, परत वर. तिसऱ्यांदा त्यांनी मला मागच्या कॅरिअरवर बसवलं. बहात्तर किलोचा मी, गुडघ्याला पट्टी बांधलेली ती पोरगी, आणि खाली दोन टक्के झिजलेला रिजेक्ट माल. दाता सुटला नाही, आवाज आला नाही. चेन त्या खाल्लेल्या चक्रीवर अशी बसली होती की दोघी एकाच सायकलवर जन्माला आल्यात असं वाटावं. वर पोचल्यावर मी उतरलो आणि रस्त्यातच भागीबाईंच्या दिशेनं हात जोडले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, ते हात जोडण्यापेक्षा भिंतीला खिळे लावू लागा."

तृप्ती उजेड होता तोवर पाड्याला पोचली. तिचा फोन आला. संध्याकाळी भागीबाई बिनचेनची सायकल ढकलत म्हसरूळला पायी गेल्या. स्कूटरवर सोडतो म्हटलं तर म्हणाल्या, सायकल कोण आणील?

सोमवारी मला काही राहवेना. सकाळी पावणेसहाला मी स्कूटर घेऊन म्हसरूळला गेलो, त्यांना दुकानात सोडावं म्हणून. त्या मागे बसल्या. पेठ रोडला लागल्यावर मी दुकानाकडे वळणार, तर मागून खांद्यावर थाप पडली. "सरळ घ्या साहेब." मी स्कूटर सरळ घेतली. मलाही तेच हवं होतं.

खिंडीत पोचलो तेव्हा ऊन नुकतंच वर आलं होतं. वरून सगळा चढ दिसत होता. खालून तृप्ती येत होती, पाठीला दप्तर, पेडलवर उभी. आणि तिच्या मागं टेंपो. माणसांनी गच्च भरलेला, हंडे, गाठोडी, लहान पोरं. रस्ता एवढा अरुंद की सायकल बाजूला झाल्याशिवाय टेंपोला वाट नाही. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. तृप्तीनं मान वळवली. ती थांबली असती तर त्या चढाला पुन्हा पाय लागणं कठीण होतं, आणि उतरली असती तर टेंपो तिच्या शेजारीच उभा राहिला असता. भागीबाईंचे हात माझ्या खांद्यात रुतले.

तेवढ्यात टेंपोत मागं उभा असलेला एक माणूस पुढं सरकला आणि केबिनच्या पत्र्यावर दणादण हात मारायला लागला. मंगळू होता.

"हॉर्न बंद कर!" तो ओरडत होता, आम्हाला वरपर्यंत ऐकू येत होतं. "बंद कर म्हणतो ना! पोरगी शाळेला चाललीय. जाऊ दे तिला पुढं!"

हॉर्न बंद झाला. टेंपो पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत तिच्या मागं मागं चालू लागला, सायकलच्या चालीनं. तृप्तीनं परत मागं बघितलं नाही. फक्त तिचे पाय वर-खाली होत होते. मी हेल्मेटच्या आत रडत होतो, सांगायला लाज कसली!

"मला नेलं तवा माझा बाप बी तिथंच उभा होता," भागीबाई मागून हळूच म्हणाल्या. "त्याच जागी. त्याचा हात नाय उठला."

खिंडीच्या माथ्यावर तृप्ती आमच्या पुढ्यातून गेली आणि शाळेच्या रस्त्याला वळली. टेंपो दिंडोरीकडे वळला. त्यात सगळे दाटीवाटीनं खाली बसले होते, मंगळू तेवढा मागच्या फळीला धरून उभा होता, आणि सायकल दिसेनाशी होईपर्यंत तो उभाच राहिला.